कोळशाखालीं सांपडलेलें हस्तलिखित : लुइस फ्राय रिचर्डसन यांचें वातावरणसंशोधन

ह्या त्रैमासिकांत सनदा, महजर, करीने आणि बखरी यांची चर्चा व्हावी असा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. तेव्हां एका इंग्रज वातावरणशास्त्रज्ञाची हकीकत येथें कां, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्या ग्रंथाविषयीं आम्ही लिहीत आहों त्याचें हस्तलिखित रणभूमीच्या पिछाडीस गहाळ झालें होतें व कांहीं महिन्यांनीं कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें. आणि ज्यानें तें लिहिलें त्यानेंच पुढें आपले दुसरे कागद हेतुपुरस्सर नष्ट केले. कागद वांचणें आणि कागद नष्ट होणें ह्या गोष्टींशीं ज्यांचा जन्माचा संबंध आहे अशा मंडळींस हा विषय अगदींच परका वाटूं नये. शिवाय त्या वांचलेल्या ग्रंथांतील गणिताची रीत, आणि त्याच सुमारास त्याच माणसानें काढलेलें एक लहानसें गुणोत्तर, हीं दोन्ही आज विमानांस बसणाऱ्या धक्क्यांच्या व बदलत्या हवामानाच्या विचारांत एकत्र आलीं आहेत. तो धागा सलग लावून दाखवावा, असा ह्या टिपणाचा उद्देश आहे.

लुइस फ्राय रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजीं उत्तर इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें झाला. घराणें कातडीं कमावण्याच्या धंद्यांतलें व पंथानें क्वेकर. क्वेकर लोक युद्धांत शस्त्र धरणें निषिद्ध मानतात. पुढील हकीकतीचें मूळ पुष्कळ अंशीं ह्या गोष्टींत असल्यामुळें ती येथेंच नमूद करून ठेवितों. सात भावंडांत हे सर्वांत धाकटे. १९०३ सालीं केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांतून सृष्टिशास्त्रांची परीक्षा पहिल्या वर्गांत उतरून ते बाहेर पडले आणि पुढील दहा वर्षांत त्यांनीं इतक्या नोकऱ्या धरिल्या व सोडिल्या कीं, आमच्याकडील एखाद्या वडीलधाऱ्या माणसानें त्यांस अस्थिर बुद्धीचा ठरवून केव्हांच निकालांत काढिलें असतें. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, पीट नांवाचें दलदलींतील जळण काढणारी एक कंपनी, पुनः ती प्रयोगशाळा, विजेच्या दिव्यांचा कारखाना, मँचेस्टरचें तांत्रिक महाविद्यालय, असा तो प्रवास आहे. १९१२ च्या एप्रिलांत टायटॅनिक जहाज बुडालें, त्यास आठवडा उलटला नाहीं तोंच, प्रतिध्वनीवरून पुढचा हिमनग ओळखण्याच्या युक्तीचें पेटंट त्यांनीं मागितलें होतें.

ह्यांपैकीं पीटच्या कंपनींतील काम आपल्या विषयास उपयोगी पडलें. दलदलींतील पाणी निघून जावें म्हणून चर कोठें व किती खणावे, हा तेथला प्रश्न. त्याचें समीकरण मांडतां येई, परंतु रूढ रीतीनें तें सुटेना. तेव्हां रिचर्डसन यांनीं निराळी वाट धरिली. जी राशि अखंड बदलते तिचें मूल्य सर्वत्र न शोधतां ठराविक अंतरावरील बिंदूंपुरतेंच घ्यावयाचें, आणि शेजारशेजारच्या मूल्यांच्या वजाबाक्यांवरून बाकीचें काम भागवावयाचें. आर्यभटाचीं ज्याखंडें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस अंतरांवरून आंकडे उभे करण्याची ही कल्पना ओळखीची वाटेल. अर्थात् त्यावरून कोणीं अग्रपूजेचा वाद उपस्थित करूं नये, दोहोंचें प्रयोजन भिन्न आहे. ह्याच रीतीनें त्यांनीं दगडी धरणाच्या अंगांत निर्माण होणाऱ्या ताणांचें गणित केलें व तें रॉयल सोसायटीकडे पाठविलें. आंकडेमोडीस मोबदला देऊन मुलें बसविलीं होतीं. प्रत्येक बिंदूस, आंकडा जितक्या अंकांचा तितके अठरांश पेन्स, असा दर होता. सर्वांत चलाख मुलगा आठवड्यास तीन अंकी आंकड्यांचीं २,००० गणितें उरकीत असे, चुकलेलीं वजा जातां. आणि मुलांस मुख्य अडचण पडे ती अधिक व उणें या चिन्हांच्या मिसळीची. ज्यानें कोणत्याही शाळेंत चार वर्षें अंकगणित शिकविलें आहे त्यास ह्या शेवटच्या वाक्याच्या खरेपणाविषयीं शंका येणार नाहीं. ह्या प्रबंधावर रिचर्डसन यांनीं किंग्ज कॉलेजची फेलोशिप मागितली. ती त्यांस मिळाली नाहीं.

१९१३ सालीं ते ब्रिटिश हवामानखात्यांत शिरले व स्कॉटलंडांतील एस्कडेलम्यूर ह्या एकांतांतील वेधशाळेचे अधीक्षक झाले. त्या काळीं उद्यांची हवा वर्तविण्याची रीत अशी होती कीं, आजचा नकाशा पाहावयाचा, त्यासारखा पूर्वीं कधीं झाला होता तें स्मरावयाचें, आणि तेव्हां पुढें जें घडलें तेंच आतां घडेल असें धरावयाचें. रिचर्डसन यांस ही रीत पटेना. ग्रहगणित करणारा जुनीं पंचांगें चाळून ग्रहणाचा दिवस ठरवीत नाहीं. तो गतीच्या नियमांवरून तो काढितो. हवेचेंही तसेंच कां होऊं नये ? हा दृष्टान्त आम्हीं आमच्या भाषेंत घातला आहे, परंतु विचार त्यांच्याच प्रस्तावनेंतील आहे. नॉर्वेचे विल्हेल्म बियर्कनेस यांनीं १९०४ सालींच असा सिद्धान्त मांडला होता कीं, आजची हवेची स्थिति आणि तिच्या बदलाचे नियम हीं दोन्ही पुरेशीं ठाऊक असतील तर उद्यांची स्थिति गणितानें निघाली पाहिजे. बियर्कनेस यांचा भर आलेखांवर होता. रिचर्डसन यांनीं धरणावर वापरलेली आपली वजाबाक्यांची रीत आकाशास लाविली. युरोपचा नकाशा बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें सुमारें दोनशें दोनशें किलोमीटरांच्या घरांत विभागला, प्रत्येक घरावरील हवेचे उंचीनें पांच थर केले, आणि एका घरांतील वायुभार, वारा, उष्णता व बाष्प यांवरून कांहीं तासांनंतरची त्याच घराची स्थिति काढण्याचा क्रम बसविला. ग्रंथाचा पहिला खर्डा १९१६ च्या सुमारास तयार होता.

परंतु तें महायुद्धाचें साल होतें. शस्त्र धरावयाचें नाहीं हा निश्चय, आणि लोक मरत असतां वेधशाळेंत स्वस्थ बसवेना. तेव्हां नोकरीचा राजीनामा देऊन ते क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकांत दाखल झाले व फ्रेंच सैन्याच्या एका पायदळ तुकडीबरोबर जखमी लोकांची ने-आण करूं लागले. खर्डा त्यांनीं बरोबर नेला होता. कामाच्या फुरसतींत, थंडगार निवाऱ्यांत, गवताच्या ढिगावर बसून ते आंकडेमोड करीत. १९१७ च्या एप्रिलांत शांपेन प्रांतांत मोठी लढाई झाली, तेव्हां हस्तलिखिताची चालू प्रत सुरक्षिततेसाठीं पिछाडीस पाठविली गेली आणि तेथेंच ती गहाळ झाली. कांहीं महिन्यांनीं ती कोळशाच्या ढिगाखालीं सांपडली. ग्रंथाच्या प्रस्तावनेंत ही हकीकत एका वाक्यांत उरकलेली आहे. कोणाच्या हातीं ती प्रथम लागली, तिच्यावर काळे डाग किती पडले, पानें किती गेलीं, ह्यांविषयीं ग्रंथकार एक अक्षर लिहीत नाहीं. आमच्यासारख्यानें त्यावर चार पानें खर्चिलीं असतीं.

गणितासाठीं त्यांनीं दिवस निवडला तो २० मे १९१० चा, सकाळीं सात वाजतांचा. ह्याच दिवशीं इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याची प्रेतयात्रा निघाली, म्हणून इतर इतिहासकारांस ही तारीख ठाऊक असते. रिचर्डसन यांस तिचें महत्त्व निराळ्या कारणानें होतें. त्या सुमारास पृथ्वी हॅलेच्या धूमकेतूच्या पुच्छांतून जाणार असल्यामुळें युरोपांत ठिकठिकाणीं फुगे सोडून वरच्या हवेचे वेध घेतले गेले होते, आणि बियर्कनेस यांनीं त्यांवरून तयार केलेले नकाशे उपलब्ध होते. इतकी दाट सामग्री दुसऱ्या कोणत्या दिवसाची मिळणें कठीण होतें. कोष्टकें आंखून दोन स्तंभांपुरतें उत्तर काढण्यास त्यांस जवळजवळ सहा आठवडे लागले. जर्मनींत म्युनिकच्या आसपास सहा तासांत वायुभार किती बदलेल ह्याचें उत्तर निघालें १४५ मिलिबार. समुद्रसपाटीचा एकंदर वायुभारच १,०१३ मिलिबारांच्या आसपास असतो. युरोपांतील कोणत्याही वादळांत सहा तासांत असा फरक कधीं पडलेला नाहीं. आणि त्या सकाळीं तर प्रत्यक्षांत वायुभारमापकाचा पारा जवळजवळ स्थिर होता.

येथें आम्हांस ह्या माणसाचा मोठेपणा दिसतो. सहा आठवड्यांच्या श्रमांचें फळ असें हास्यास्पद निघालें असतां तें प्रकरण ग्रंथांतून गाळणें सोपें होतें. उरलेला ग्रंथ तेवढ्यानें लहान झाला नसता. त्यांनीं तें सबंध छापलें. मूळचे आंकडे, मधल्या पायऱ्या, कोष्टकें, शेवटची चूक, सर्व. चूक आरंभींच्या वाऱ्यांच्या मापांत असावी असा स्वतःचा तर्कही दिला. १९२२ सालीं केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्यानें हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतच त्यांनीं एक कल्पनाचित्र रंगविलें आहे : नाटकगृहासारखें एक विशाल गोल सभागृह, भिंतीवर पृथ्वीचा नकाशा, प्रत्येक भागासमोर त्या भागाचें गणित करणारे लोक, मधोमध उंच स्तंभावर एक सूत्रधार, जो पुढें धांवणाऱ्यांवर एका रंगाचा व मागें रेंगाळणाऱ्यांवर दुसऱ्या रंगाचा प्रकाश टाकतो. जगाच्या हवेबरोबर गणित चालावयाचें तर अशीं ६४,००० माणसें लागतील, असा त्यांचा हिशेब होता.

चुकीचें कारण सापडण्यास बराच काळ जावा लागला. आयर्लंडचे गणिती पीटर लिंच यांनीं रिचर्डसन यांचीं छापील कोष्टकें घेऊन तेंच गणित यंत्रावर पुनः केलें व २००६ सालीं त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यंत्रानेंही १४५ च्या आसपासच उत्तर दिलें. म्हणजे गवतावर बसून केलेली आंकडेमोड मुळांत बरोबर होती. दोष होता तो आरंभींच्या आंकड्यांत वायुभार व वारा यांचा मेळ नसण्याचा. समुद्रकिनारीं भरतीची गति मोजावयास कोणी उभा राहिला, त्यानें एका लाटेची उसळी मोजली, आणि पाणी सहा तास त्याच वेगानें चढत राहील असें धरलें, तर तो नारळाच्या झाडांपर्यंत समुद्र नेऊन ठेवील. वातावरणांतही अशा जलद लाटा असतात. मंद व खरा बदल त्यांच्याखालीं झांकून जातो. लिंच यांनीं आरंभींच्या आंकड्यांतून ह्या लाटा गाळून घेतल्या, तेव्हां सहा तासांचा फरक एका मिलिबाराच्या आंत आला.

कोष्टकें छापलीं नसतीं तर हा उलगडा होऊं शकला नसता. आमच्या नोकरीच्या काळांत एका शाळेच्या आवारांत पर्जन्यमापक होता व त्याची रोजची नोंद एका जाड वहींत होत असे. दोन पिढ्यांच्या शिक्षकांचें अक्षर तींत होतें. एका उन्हाळ्याच्या सुटींत कपाटें रिकामीं करतांना ती वही रद्दींत गेली. 'तींत नुसते आंकडे होते' असें आम्हांस सांगण्यांत आलें. नुसते आंकडे !

युद्धानंतर, १९१९ सालीं, रिचर्डसन हवामानखात्यांत परत आले व ऑक्सफर्डजवळ बेन्सन येथें काम करूं लागले. वरच्या हवेंतील वाऱ्याचा वेग मोजण्यासाठीं ते लोखंडी गोळ्या बंदुकीनें सरळ वर उडवीत व त्या कोठें पडतात त्यावरून वारा काढीत. ह्या प्रयोगांत स्वतःच्या डोक्याची चिंता त्यांनीं कशी वाहिली हें ज्याचें त्यानें कल्पावें. ह्याच काळांत, १९२० सालीं, वातावरणांतील भोंवऱ्यांस शक्ति कोठून मिळते ह्याविषयीं त्यांचा निबंध रॉयल सोसायटीच्या वृत्तांतांत आला. आमच्या विषयाचें मर्म ह्या निबंधांत असल्यामुळें तो थोडा उलगडून सांगितला पाहिजे.

हवा थराथरांची असते. खालचा थर जड व वरचा हलका असेल तर ती रचना स्थिर असते. खालच्या हवेचा लोट वर ढकलला तरी तो जड असल्यामुळें खालीं येऊं पाहतो. ही झाली भोंवऱ्यांस दाबणारी शक्ति. दुसरीकडे, वरचा थर खालच्यापेक्षां वेगानें वाहत असेल तर त्या वेगाच्या फरकांतून भोंवऱ्यांस खाद्य मिळतें. दोन्ही शक्ति एकाच वेळीं काम करितात. जय कोणाचा होईल? रिचर्डसन यांनीं स्थिरतेच्या मापास वेगाच्या फरकाच्या वर्गानें भागिलें. उत्तर मोठें असेल तर हवा शांत राहते; लहान असेल तर खळबळ माजते. मर्यादा त्यांनीं १ ही धरिली होती. १९६१ सालीं माइल्स व हॉवर्ड यांनीं गणितानें सिद्ध केलें कीं, ही संख्या सर्वत्र पाव किंवा त्याहून अधिक असेल तोंवर सपाट थरांचा प्रवाह आपण होऊन मोडत नाहीं. ह्यासच रिचर्डसन-संख्या म्हणतात. छेदांत वर्ग आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याचें काम पुढें पडणार आहे.

त्याच १९२० सालीं ब्रिटिश हवामानखातें विमानदळाच्या मंत्रालयाखालीं आलें. सैनिकी खात्याचें अन्न खाणें रिचर्डसन यांस मान्य नव्हतें. त्यांनीं दुसऱ्यांदा राजीनामा दिला व लंडनच्या वेस्टमिन्स्टर अध्यापक विद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविण्याचें काम पत्करिलें. संशोधन मात्र सुटलें नाहीं. १९२६ सालीं त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला; त्याचा विषय, हवेंत सोडलेल्या वस्तु एकमेकींपासून कशा दुरावत जातात, हा होता. भोंवरा जितका मोठा तितका हा दुरावा झपाट्यानें वाढतो, असा त्याचा निष्कर्ष. त्याच वर्षीं ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. आणि येथें ती गोष्ट येते, जिच्यामुळें हें टिपण लिहावेंसें आम्हांस वाटलें. विषारी वायु रणांगणावर कसा पसरतो ह्याचा विचार करणाऱ्या मंडळींस आपल्या ह्या संशोधनाचा उपयोग आहे, असें त्यांच्या ध्यानीं आलें. त्यांनीं वातावरणाचें काम थांबविलें, आणि जें अप्रसिद्ध होतें तें नष्ट केलें.

ही हकीकत त्यांच्या पत्नी डोरोथी यांनीं सांगितलेली आहे. साक्षीदार एकच, परंतु घरांतला. आणि त्यानंतरच्या वर्षांतील त्यांच्या लेखनाचा रोख पाहतां ती अविश्वसनीय मानण्यास कारण दिसत नाहीं. पुढील आयुष्य त्यांनीं मुख्यत्वें एका निराळ्याच प्रश्नास वाहिलें : राष्ट्रें लढतात कां, आणि त्याचें गणित मांडतां येईल काय. त्यासाठीं पन्नाशीकडे झुकतांना त्यांनीं मानसशास्त्राची पदवी घेतली. दोन राष्ट्रांच्या सीमेची लांबी व त्यांच्यांतील युद्धें यांचा संबंध पाहतांना त्यांस असें आढळलें कीं, स्पेन-पोर्तुगालची सीमा एका ग्रंथांत ९८७ व दुसऱ्यांत १,२१४ किलोमीटर दिली आहे. लेखनप्रमादावर खापर न फोडतां त्यांनीं दाखविलें कीं, मोजपट्टी जितकी आंखूड तितकी वांकडीतिकडी रेषा लांब भरते. हें टिपण त्यांच्या मरणानंतर १९६१ सालीं छापलें गेलें व मांडेलब्रो यांनीं त्यावर १९६७ सालीं आपला प्रसिद्ध निबंध रचला. पाठभेद सापडतांच लेखकूस दोष देणाऱ्या आम्हां लोकांनीं हें उदाहरण जवळ बाळगण्यासारखें आहे.

कागद नष्ट करणाऱ्यांविरुद्ध आम्हीं आजवर पुष्कळ लिहिलें आहे. घराण्याची बेअब्रू होईल म्हणून दप्तरें विहिरींत टाकणारे, किराणा बांधण्यास विकणारे, वांटणीच्या भांडणांत अर्धे कागद जाळणारे, ह्यांची गय करावी असें आम्हांस अद्यापि वाटत नाहीं. रिचर्डसन यांची गोष्ट त्यांत बसत नाहीं. त्यांनीं स्वतःचें, स्वतःस ठाऊक असलेलें, आणि परिणाम ओळखून नष्ट केलें. परंतु दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९२० व १९२६ चे निबंध तोंवर छापून ग्रंथालयांत गेले होते. ज्यांस त्यांचा दुरुपयोग करावयाचा त्यांस ते खुले होते. नष्ट झालें तें कदाचित् सर्वांत निरुपद्रवीही असूं शकेल. त्यांनीं तें मोहरबंद करून शंभर वर्षांच्या अटीनें एखाद्या संग्रहांत ठेविलें असतें तर बरें झालें असतें, असें आमच्या मनांत येतें. आणि लगेच असेंही येतें कीं, जखमींच्या गाड्या ज्यानें तीन वर्षें हांकल्या त्यास ही सूचना करण्याचें धैर्य आम्हांस झालें नसतें.

आतां आकाशाकडे वळूं. १९२० सालीं विमानें ज्या उंचीवरून जात त्याहून पुष्कळ वर, दहा-बारा किलोमीटरांवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान् वाऱ्याचे पट्टे आहेत. त्यांस जेट प्रवाह म्हणतात. जपानच्या तातेनो वेधशाळेंत वासाबुरो ओइशी यांनीं फुगे सोडून त्यांचा वेध १९२०-३० च्या दशकांतच घेतला होता. १९२६ सालीं त्यांनीं आपला वृत्तांत छापला, परंतु सर्व जगास कळावा म्हणून तो एस्पेरांतो ह्या कृत्रिम भाषेंत छापला, आणि म्हणून तो बाहेरच्या जगांत फारसा कोणीं वाचला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेचीं उंच उडणारीं विमानें जपानवर ह्या वाऱ्यांत सांपडलीं, तेव्हां त्यांची सर्वत्र ओळख पटली. आमच्याकडील कांहीं लेखक भास्कराचार्यांनीं वर्णिलेला, भूवायूच्या बारा योजनांपलीकडचा प्रवह वायु म्हणजेच हा जेट प्रवाह असें लिहूं लागतील, म्हणून आधींच सांगून ठेवितों : प्रवह हा नक्षत्रचक्रास पश्चिमेकडे नेणारा मानिला आहे. दिशाच उलटी आहे.

जेट प्रवाहाच्या वरच्या व खालच्या अंगास वाऱ्याचा वेग थोड्या उंचींत झपाट्यानें बदलतो. तेथें रिचर्डसन-संख्या उतरते व निरभ्र आकाशांत खळबळ उत्पन्न होते. ढग नसतो, पाण्याचे थेंब नसतात, त्यामुळें विमानांतील रडारास कांहीं दिसत नाहीं, आणि वैमानिकास सूचना मिळते ती बहुधा धक्क्यानेंच.

पुढचा दुवा पुनः त्या १९२२ च्या ग्रंथाचा आहे. १९५० सालीं अमेरिकेंत चार्नी, फ्योर्टॉफ्ट व फॉन न्यूमन यांनीं एनियाक ह्या विद्युत्गणकयंत्रावर पहिलें यशस्वी हवागणित केलें. चोवीस तासांचें भाकित काढण्यास यंत्रास सुमारें चोवीसच तास लागले. चार्नी यांनीं निकाल रिचर्डसन यांस पाठविला. वृद्ध गृहस्थांनीं नकाशे पत्नीपुढें मांडिले आणि आरंभींचा नकाशा व भाकिताचा नकाशा यांपैकीं प्रत्यक्ष घडलेल्या हवेशीं कोणता अधिक जुळतो, असें विचारिलें. डोरोथीबाईंच्या मतें भाकित थोडक्यानें सरस ठरलें. आपल्या एकुलत्या चुकलेल्या निकालाच्या मानानें ही प्रगति फार मोठी आहे, असें त्यांनीं कळविलें. पुढें सर्व देशांत हीच रीत रूढ झाली. पुण्यास १९६२ सालीं स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानसंस्थेंत २०२४ सालीं अर्क नांवाचें जें गणकयंत्र बसविलें गेलें त्याची कमाल क्षमता, लीलावतींतील संज्ञेनें सांगावयाची तर, सेकंदास सुमारें बारा अन्त्य गणितांची आहे. तेथेंही आकाशाचीं घरें पाडून एका घरावरून शेजारच्या घराकडे जाण्याचाच प्रकार चालतो. उद्यांच्या हवेऐवजीं शंभर वर्षांनंतरचें हवामान पाहावयाचें असेल तरी मूळ यंत्रणा तीच.

ह्या दोन वस्तु, घरांचें गणित आणि रिचर्डसन-संख्या, इंग्लंडांतील रेडिंग विद्यापीठाचे पॉल विल्यम्स व पूर्व अँग्लिया विद्यापीठाचे मनोज जोशी यांच्या २०१३ च्या निबंधांत एकत्र आल्या. कार्बन डायऑक्साइडचें प्रमाण औद्योगिक काळापूर्वींच्या दुप्पट झाल्यास उत्तर अटलांटिकवरील हिवाळी विमानमार्गांवर काय होईल, असा प्रश्न त्यांनीं हवामानाच्या गणितयंत्रास घातला. खळबळ ओळखण्याचे २१ निकष लाविले. त्यांत रिचर्डसन-संख्याही होती. उत्तर असें आलें कीं, मध्यम किंवा त्याहून तीव्र खळबळीचें प्रमाण निकषापरत्वें ४० ते १७० टक्के वाढेल. कारण वाचकांस आतां सहज कळेल. पृथ्वी तापते तेव्हां भूपृष्ठाजवळ ध्रुवप्रदेश अधिक तापतो, परंतु विमानांच्या उंचीवर उलट घडतें. उष्ण कटिबंध तापतो, ध्रुवाकडील उंचावरची हवा निवते, दोहोंतील अंतर वाढतें, आणि तें वाढलें कीं उंचीनुसार वाऱ्याचा वेग बदलण्याचें मानही वाढतें. २०१९ सालीं ली, विल्यम्स व फ्रेम यांनीं दाखविलें कीं, १९७९ पासून उत्तर अटलांटिकच्या जेट प्रवाहांतील हा उभा फरक १५ टक्क्यांनीं वाढला आहे. पंधरा टक्के ऐकून किरकोळ वाटतें. परंतु छेदांत वर्ग आहे. स्थिरता तेवढीच धरिली तर १.१५ चा वर्ग १.३२, आणि संख्या जवळजवळ चौथाईनें खालीं येते. (हा हिशेब आमचा, ढोबळ समजुतीपुरता, त्या निबंधांतला नव्हे.)

२०२३ सालीं प्रॉसर, विल्यम्स, मार्लटन व हॅरिसन यांनीं भाकित बाजूस ठेवून झालेल्या काळाचा हिशेब केला. उत्तर अटलांटिकवरील एका सरासरी ठिकाणीं तीव्र निरभ्र खळबळ १९७९ सालीं वर्षांतून १७.७ तास असे, ती २०२० सालीं २७.४ तास झाली. म्हणजे ५५ टक्के वाढ. मध्यम व त्याहून अधिक खळबळ ७०.० तासांवरून ९६.१ तासांवर गेली. हे आंकडे विमानांनीं मोजलेल्या धक्क्यांचे नाहींत, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. त्या काळांतील फुगे, जहाजें, उपग्रह यांच्या जुन्या नोंदी एकत्र करून, मधल्या रिकाम्या जागा गणितानें भरून, प्रत्येक तासाच्या आकाशाची जी पुनर्रचना केलेली आहे तिच्यावरून ते काढले आहेत. महाभारताची चिकित्सित आवृत्ति जशी कोणत्याही एका पोथीची नक्कल नाहीं, तशीच ही. संपादक निपुण आहेत; तरी जेथें पोथ्याच विरळ आहेत, उदाहरणार्थ दक्षिणेकडील महासागरांवर, तेथील पाठ अटलांटिकइतका पक्का मानतां येत नाहीं.

तशीच आणखी एक सावधगिरी. २१ मे २०२४ रोजीं लंडनहून सिंगापुरास जाणारें विमान ब्रह्मदेशावर एकाएकीं हिसकलें. एक प्रवासी दगावला, पुष्कळ जखमी झाले, विमान बँकॉकला उतरवावें लागलें. वर्तमानपत्रांनीं लागलीच ही घटना वरील आंकड्यांस जोडली. चौकशीच्या प्राथमिक अहवालाप्रमाणें विमान वाढत्या ढगांच्या प्रदेशावरून जात असण्याचा संभव होता. म्हणजे ही जेट प्रवाहांतील निरभ्र खळबळ नसावी, आणि असती तरी एका घटनेवरून चाळीस वर्षांचा कल सिद्ध होत नाहीं. विल्यम्स आदि मंडळींचा निष्कर्ष ह्या घटनेवांचून उभा आहे. तिचा आधार त्यास देऊं नये.

रिचर्डसन १९२९ पासून १९४० पर्यंत पेस्ली येथील तांत्रिक महाविद्यालयाचे प्राचार्य होते व नंतर स्कॉटलंडांतच किलमन ह्या खेड्यांत राहिले. सोडलेल्या विषयाकडे ते अखेरीस एकदां परतले. अमेरिकेचे समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल त्यांस भेटावयास आले असतां दोघांनीं धक्क्यावरून लॉक लाँग ह्या खाडींत पार्स्निप नांवाच्या पांढऱ्या कंदाचे तुकडे टाकिले आणि ते एकमेकांपासून किती वेगानें दुरावतात तें मोजलें. कंद निवडण्याचें कारण असें कीं, तो पाण्यांत जेमतेम तरंगतो, त्यामुळें त्यास वारा लागत नाहीं, आणि तो दुरून दिसतो. ती नोंद १९४८ सालीं प्रसिद्ध झाली. ३० सप्टेंबर १९५३ रोजीं रिचर्डसन निवर्तले. १९२२ चा ग्रंथ १९६५ सालीं न्यूयॉर्कच्या डोव्हर प्रकाशनानें पुनः छापला, त्यांत २० मे १९१० चीं कोष्टकें जशींच्या तशीं आहेत.